शिष्याकडून पराजय

23 ऑक्टोबर 1964 रोजी टोकियोच्या निप्पॉन बुडोकानमध्ये ऑलिंपिकमधील ज्युदोच्या खुल्या गटाची अंतिम लढत झाली. नेदरलँड्सच्या अँटोन गेसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला जमिनीवर दाबून धरले आणि तीस सेकंद उठू दिले नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे हा पूर्ण आणि निर्विवाद विजय होता. ज्युदो त्या वर्षी प्रथमच ऑलिंपिकमध्ये आला होता. त्याच्यासाठी उभारलेली बुडोकानची अष्टकोनी वास्तू तीनच आठवड्यांपूर्वी खुली झाली होती. आधीच्या तीन दिवसांत तिन्ही वजनी गटांची सुवर्णपदके जपानने जिंकली होती. उरलेल्या चौथ्या गटाला वजनाची मर्यादा नव्हती. कोणीही कोणाशीही लढावे, असा तो गट होता आणि म्हणूनच तो सर्वांत मानाचा समजला जात होता. नेमके तेच पदक परदेशी माणसाने नेले. त्याच दिवशी जपानच्या महिलांनी सोव्हिएत संघाला हरवून व्हॉलीबॉलचे सुवर्णपदक मिळवले आणि भारताने पाकिस्तानला हरवून हॉकीचे. पण ज्युदोच्या इतिहासात तो दिवस जपानच्या पराभवाचा म्हणूनच नोंदला गेला. धिप्पाड युरोपियनाने जपानला त्याच्याच घरात, त्याच्याच विद्येत हरवले आणि त्या विद्येवरची जपानची मालकी संपली, अशी ही गोष्ट साठ वर्षे सांगितली जाते आहे.

या गोष्टीतले तपशील खरे आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. गेसिंकची कारकीर्द त्या एका लढतीपुरती न पाहता 1948 पासून सलग पाहिली, तर बुडोकानमध्ये जपानचा एक खेळाडू हरला आणि जपानी गुरूंची परंपरा जिंकली, असेच म्हणावे लागते. एखादी विद्या परक्या भूमीत पोहोचली, याचा पुरावा तिथे निघालेल्या वर्गांमधून आणि शिष्यांच्या संख्येतून मिळतो. ती तिथे खरोखर रुजली, याचा पुरावा मात्र एकच असतो: बाहेरचा शिष्य घरच्या उत्तम शिष्यासमोर उभा राहतो आणि ठरलेल्या नियमांनी, कोणाच्या मेहेरबानीविना त्याला हरवतो. तोपर्यंत ती विद्या उसनी असते. ज्युदोच्या बाबतीत हा पुरावा गेसिंकने दिला, आणि तो देण्याची तयारी त्याच्याकडून जपानी माणसांनीच करून घेतली होती.

ज्युदोच्या संस्थापकाच्या मनात काय होते, ते आधी पाहायला हवे. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोच्या एइशोजी या बौद्ध मंदिरात कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. सामुराई काळातल्या जुजुत्सूच्या घराण्यांत प्रत्येकाचे डाव वेगळे होते आणि ते बरेचसे गुप्त राखले जात. कानोंनी त्यांतले जीवघेणे प्रकार सरावातून वगळले, उरलेल्यांची तर्कशुद्ध मांडणी केली आणि पूर्ण ताकदीने, तरीही सुरक्षितपणे लढता येईल अशी पद्धत बसवली. ते पेशाने शिक्षक होते. टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे त्यांनी दीर्घकाळ नेतृत्व केले. ताकदीचा सर्वोत्तम उपयोग आणि परस्परांचे कल्याण, ही त्यांच्या शिकवणीची दोन सूत्रे होती. ती कोणत्याही एका देशापुरती नव्हती. 1909 मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले. त्यांनी अनेक परदेश दौरे केले आणि त्यांच्या शिष्यांनी व प्रशिष्यांनी जगभर वर्ग काढले. लंडनमध्ये गुंजी कोइझुमी यांनी 1918 मध्ये बुडोक्वाय ही संस्था स्थापन केली आणि पुढे ते कानोंच्या परंपरेत सामील झाले. पॅरिसमध्ये 1935 पासून मिकोनोसुके कावाइशी शिकवू लागले. 1929 मध्ये रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शिंझो ताकागाकी शांतिनिकेतनात आले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांनी ज्युदो शिकवला. कानोंचा मृत्यूही प्रवासातच झाला. कैरोच्या ऑलिंपिक बैठकीनंतर मायदेशी परतताना 4 मे 1938 रोजी हिकावा मारू या जहाजावर त्यांनी देह ठेवला. ज्या माणसाने आपली विद्या अशी खुली केली, त्याला ती जपानपुरती राखायची होती, असे म्हणायला आधार नाही.

कानोंच्या मृत्यूनंतरच्या दशकात मात्र ज्युदोला त्यांच्या हेतूच्या विरुद्ध दिशेला नेले गेले. युद्धकाळात जपानी शाळांमधून त्याचा उपयोग लष्करी शिस्तीसाठी झाला. त्यामुळे पराभवानंतर दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातील जपानमध्ये शाळांत ज्युदो शिकवण्यावर बंदी आली. 1950 मध्ये ही बंदी उठली, ती ज्युदोला युद्धविद्येपासून सोडवून खेळ म्हणून मांडल्यानंतर. हा क्रम लक्षात ठेवायला हवा, कारण ज्युदोचा खेळ करून टाकला हा आरोप पुढे युरोपवर झाला. प्रत्यक्षात ते वळण जपाननेच आधी घेतले होते. अखिल जपान अजिंक्यपद स्पर्धा 1948 मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी युरोपीय ज्युदो संघ आणि 1951 मध्ये आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघ स्थापन झाला. 1952 मध्ये कानोंचे पुत्र रिसेई कानो त्याचे अध्यक्ष झाले. पहिली जागतिक स्पर्धा 1956 मध्ये टोकियोत झाली. तेव्हा वजनी गट नव्हते. विजेता एकच असायचा.

युट्रेख्ट शहरात 6 एप्रिल 1934 रोजी जन्मलेला गेसिंक गरीब घरातला होता आणि शाळकरी वयापासून बांधकामावर राबत होता. चौदाव्या वर्षी, 1948 मध्ये, तो ज्युदो शिकू लागला आणि तीनच वर्षांत युरोपीय स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. 1952 मध्ये त्याने पहिले युरोपीय अजिंक्यपद जिंकले. तिथून 1967 पर्यंत त्याच्या नावावर एकवीस युरोपीय विजेतेपदे जमा झाली. पण युरोपात जिंकणे ही त्या काळी फार मोठी गोष्ट नव्हती. युरोपीय ज्युदो तोवर जपानी गुरूंच्या छायेतला, पुस्तकी आणि बराचसा ताठर होता. गेसिंकचे वेगळेपण ओळखले ते हाकू मिचिगामी यांनी. पूर्वी शांघायच्या जपानी महाविद्यालयात ज्युदो शिकवणारे मिचिगामी 1953 मध्ये फ्रान्सला आले, बोर्दोमध्ये स्थिरावले आणि डच संघालाही मार्गदर्शन करू लागले. या पोराच्या अंगात केवळ उंची नाही, समतोलाची जाण आहे, हे त्यांनी हेरले. मूळ डाव ते त्याच्याकडून हजारदा घोटून घेत, आणि जोडीला धावणे, पोहणे, वजने उचलणे अशी सर्वांगीण मेहनतही करून घेत. जपानी प्रशिक्षणात तेव्हा अशा पूरक व्यायामाला फारसे स्थान नव्हते. म्हणजे ज्या शास्त्रीय तयारीचे श्रेय सहसा युरोपला दिले जाते, तिच्यामागेही एक जपानी गुरू उभा होता.

पुढची आठ वर्षे म्हणजे हरण्यातून शिकण्याचा काळ. 1956 च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत गेसिंक उपांत्य फेरीत योशिहिको योशिमात्सूकडून हरला आणि कांस्यपदकावर थांबला. 1958 मध्ये पुन्हा टोकियोतच झालेल्या दुसऱ्या स्पर्धेत तो पदकाविनाच परतला. यानंतर त्याने जे केले, ते त्याच्या कारकिर्दीतले सर्वांत निर्णायक पाऊल होते. तो जपानलाच शिकायला गेला. नाराजवळच्या तेनरी विद्यापीठात यासुइची मात्सुमोतो हे प्रशिक्षक होते. 1948 च्या पहिल्या अखिल जपान स्पर्धेचे विजेते तेच. त्यांच्या देखरेखीखाली गेसिंक तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर रोज लढला, पडला, उठला. जपानी खेळाडू पकड कधी बदलतात, डाव टाकण्याआधी त्यांचे वजन कोणत्या पायावर जाते, फेकण्याचा डाव फसला तर ते कुठे उघडे पडतात, हे त्याने अंगावर घेऊन समजून घेतले. त्याच्या जोडीला तो डच कुस्तीतही अव्वल होता. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याला कुस्तीत उतरायचे होते, पण ज्युदोचा शिक्षक म्हणून तो व्यावसायिक ठरवला गेला आणि त्याला मनाई झाली. विद्या शिकवून पोट भरणे हा तेव्हा ऑलिंपिकच्या लेखी दोष होता; त्या नियमाने या कष्टकरी घरातल्या मुलावर अन्यायच केला.

2 डिसेंबर 1961 रोजी पॅरिसमध्ये तिसरी जागतिक स्पर्धा झाली. वजनी गट नसलेल्या या स्पर्धेत गेसिंकने कामिनागा, ताकेशी कोगा आणि मागच्या स्पर्धेचा विजेता कोजी सोने या तिघाही जपानी खेळाडूंना हरवले. अंतिम लढतीत सोनेला त्याने जमिनीवर दाबून धरले. जपानबाहेरचा हा पहिला जगज्जेता. टोकियोत जे घडणार होते, त्याची सूचना तीन वर्षे आधीच मिळाली होती, आणि जपानने ती गंभीरपणे घेतलीही. खुल्या गटात गेसिंकसमोर कोणाला उभे करायचे, हा त्या तीन वर्षांतला मोठा प्रश्न होता. निवड कामिनागाची झाली. सेंदाईचा हा खेळाडू मैजी विद्यापीठात घडला होता आणि 1960, 1961 व 1964 अशी तीनदा अखिल जपान स्पर्धा त्याने जिंकली होती. इसाओ इनोकुमा 80 किलोंवरील गटात उतरला. आणि जपानच्या या ऑलिंपिक संघाच्या तयारीची जबाबदारी कोणाकडे होती? तेनरीत गेसिंकला शिकवणाऱ्या मात्सुमोतो यांच्याकडेच. आपल्या देशाला हरवू शकेल असा शिष्य घडवताना त्यांनी हातचे काही राखले नाही. ज्युदोच्या इतिहासात मला याहून मोठा पुरावा दिसत नाही.

बुडोकानमध्ये त्या दिवशी दोघे दोनदा भिडले. प्राथमिक फेरीत गेसिंक जिंकला. कामिनागा पुन्हा मिळालेल्या संधीतून वर चढत अंतिम फेरीत आला. अंतिम लढतीत गेसिंकने घाई केली नाही. पायाच्या झटक्यांनी तो प्रतिस्पर्ध्याचा तोल तपासत राहिला, पकड सोडली नाही आणि अंगावर येण्याचे काम कामिनागाला करू दिले. नऊ मिनिटे होत असताना कामिनागाने फेकण्याचा डाव टाकला, तो पुरता बसला नाही, आणि त्याच क्षणी गेसिंकने त्याला खाली नेऊन केसा-गातामे लावला. हा कोडोकानच्या अगदी प्राथमिक पाठांतला डाव आहे: प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला बसून, त्याच्या मानेला विळखा घालून आणि त्याचा हात बगलेत धरून छातीचा भार टाकायचा. पंचांनी विजय घोषित करताच आनंदाने बेभान झालेले डच समर्थक चटईकडे धावले. गेसिंकने हात उंचावून त्यांना जागीच थांबवले. मग त्याने कामिनागासमोर उभे राहून नियमाप्रमाणे लवून अभिवादन केले आणि नंतरच विजय साजरा होऊ दिला. हा शिष्टाचार तो कुठून शिकला, हे त्या सभागृहातल्या कोणालाही सांगावे लागले नाही.

यावर पहिला आक्षेप त्याच्या शरीराचा घेतला जातो. गेसिंकची उंची 198 सेंटिमीटर होती आणि वजन 115 किलोंच्या पुढे. कामिनागा त्याच्यापुढे वीसेक सेंटिमीटरने बुटका आणि वजनाने हलका होता. मग यात विद्येचा विजय कसला, आकाराचाच विजय, असे म्हटले जाते. हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. तुल्यबळ कौशल्य असेल तर वजनाचा फायदा होतोच. वजनी गट त्याचसाठी असतात. 1952 मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी भारताला कुस्तीचे कांस्यपदक मिळवून दिले, ते बँटमवेट गटात. सर्व वजनांची एकच स्पर्धा असती तर त्यांच्यासारख्या लहान चणीच्या मल्लाला ती संधी मिळणे कठीण होते. पण वजन हे गेसिंकच्या विजयाचे पुरेसे कारण ठरत नाही, आणि याचे दोन पुरावे त्याच काळात आहेत. 1956 आणि 1958 मध्ये गेसिंकची उंची तेवढीच होती. तेव्हा वजनी गट नव्हते, म्हणजे आकाराचा सगळा फायदा त्याला मिळायला हवा होता. तरीही तो हरला. 1958 आणि 1961 यांच्यामध्ये जे बदलले, ते त्याचे तंत्र आणि तयारी. दुसरा पुरावा बुडोकानमधलाच, आदल्या दिवसाचा. 80 किलोंवरील गटाच्या अंतिम लढतीत 173 सेंटिमीटर उंचीच्या इनोकुमाने कॅनडाच्या डग रॉजर्सला हरवले. रॉजर्स त्याच्याहून खूपच उंच आणि जड होता आणि तोही जपानमध्येच राहून शिकलेला होता. आकारच सर्व काही ठरवत असता, तर 22 ऑक्टोबरला सुवर्णपदक कॅनडाला गेले असते. मृदूने कठोराला जिंकावे, या जुन्या शिकवणीचा अर्थ लहान माणूस मोठ्याला नेहमी हरवतो असा नाही. प्रतिस्पर्ध्याच्या जोराचा आपल्यासाठी उपयोग करून घ्यावा, एवढाच तो आहे. कामिनागाच्या हल्ल्याची वाट पाहून त्याच्याच हालचालीवर त्याला खाली नेणारा गेसिंक ही शिकवण तंतोतंत पाळत होता.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ज्युदो ही साधना होती. ऑलिंपिकने आणि युरोपीयांनी तिचा गुणफलकाचा खेळ केला, वजनी गट आणले, पुढे पोशाखाचा रंगही बदलला, आणि या सगळ्याची सुरुवात गेसिंकच्या विजयापासून झाली, असे अनेक जपानी आणि काही पाश्चात्त्य अभ्यासकही मानतात. त्यात तथ्याचा अंश आहे. कानोंनी स्वतः हयातीत ज्युदो ऑलिंपिकमध्ये नेण्याचा आग्रह धरला नव्हता. स्पर्धा हा त्यांच्या दृष्टीने ज्युदोचा एक भाग होता, संपूर्ण ज्युदो नव्हे. निळ्या पोशाखाचा प्रस्ताव 1986 मध्ये खुद्द गेसिंकनेच मांडला. प्रेक्षकांना आणि पंचांना दोन खेळाडू ओळखता यावेत, असे त्याचे म्हणणे होते. जपानने दीर्घकाळ विरोध केला, तरी 1997 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने तो स्वीकारला. पांढऱ्या पोशाखाशी जोडलेली शुद्धतेची भावना ज्यांना मोलाची होती, त्यांचे दुःख खोटे नव्हते. पण या बदलांचे खापर 1964 च्या एका लढतीवर फोडणे इतिहासाला धरून नाही. ज्युदोला शाळांत परत आणण्यासाठी खेळ म्हणून जपाननेच मांडले होते. 1960 मध्ये रोमच्या बैठकीत ज्युदोचा ऑलिंपिकमध्ये समावेश मंजूर झाला, तेव्हा महासंघाच्या अध्यक्षपदी कानोंचेच पुत्र होते. टोकियोतले चार गट गेसिंक मैदानात उतरण्याआधीच ठरले होते. आणि ज्या लढतीवर हा आक्षेप आहे, ती तर वजनाची मर्यादा नसलेली, पांढऱ्या पोशाखातली आणि पूर्ण विजयाने संपलेली होती. जुन्या ज्युदोचे सगळे निकष लावले तरी ती उत्तम लढत ठरते.

तिसरा आक्षेप सत्तेचा आहे. युरोपने आशियाची विद्या शिकून घेतली आणि मग तिचा कारभारही ताब्यात घेतला, असे म्हटले जाते. 1965 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाचे अध्यक्षपद रिसेई कानोंकडून ब्रिटनच्या चार्ल्स पामर यांच्याकडे गेले, हे खरे आहे. गेसिंक स्वतः 1987 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा सदस्य झाला, आणि 1999 मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिक यजमानपदाच्या लाच प्रकरणानंतर समितीने ताकीद दिलेल्या सदस्यांत त्याचेही नाव होते. महासंघाने त्याला दहावा दान हा सर्वोच्च दर्जा दिला, पण कोडोकानने तो मानला नाही. खेळाडू म्हणून निवृत्त झाल्यावर तो काही वर्षे जपानमध्येच व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणातही उतरला, आणि त्यामुळे अनेक ज्युदोप्रेमी दुखावले. म्हणजे तो संत नव्हता आणि त्याच्या नंतरच्या आयुष्यावर टीका करायला जागा आहे. पण संस्थेच्या राजकारणातला न्याय-अन्याय वेगळा आणि विद्येचा वारसा वेगळा. अध्यक्षपदही कायमचे युरोपकडे राहिले नाही. 1979 मध्ये तोकाई विद्यापीठाचे संस्थापक शिगेयोशी मात्सुमाए अध्यक्ष झाले. आणि जपानने गेसिंकला परके मानले नाही. जपान सरकारने त्याचा सन्मान केला, जपानी विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. ज्या देशाची विद्या कोणी लुटली आहे, तो देश लुटणाऱ्याचा असा गौरव करत नाही.

या विजयाने ज्युदोचे ऑलिंपिकमधले स्थान वाचवले, असेही पुष्कळदा म्हटले जाते. इथे मात्र गेसिंकच्या चाहत्यांनीच हात आखडता घ्यायला हवा. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ज्युदो नव्हताच. तो परतला 1972 मध्ये म्युनिकला. एका पदकाने कार्यक्रमपत्रिका बदलत नसते. जे बदलले ते प्रत्येक देशाच्या आखाड्यातल्या मुलाच्या मनात: जपानी खेळाडूला हरवता येते, आणि त्यासाठी जपानी गुरूकडूनच नीट शिकावे लागते. म्युनिकमध्ये गेसिंकचाच देशबांधव विम रुस्का याने जड वजनाचा आणि खुला अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली. फ्रान्समध्ये कावाइशींनी रोवलेले रोप इतके वाढले की तिथल्या नोंदणीकृत ज्युदोपटूंची संख्या आज जपानपेक्षा मोठी आहे. आणि जपान? हरल्यामुळे त्याचे काही संपले नाही. 1984 मध्ये लॉस एंजेलिसला खुला गट जिंकणारा यासुहिरो यामाशिता संपूर्ण कारकिर्दीत एकाही परदेशी खेळाडूकडून हरला नाही. 2021 मध्ये टोकियोतच झालेल्या ऑलिंपिकमध्ये जपानने ज्युदोची नऊ सुवर्णपदके मिळवली, आजवरची त्याची सर्वोत्तम कामगिरी. त्याच बुडोकानमध्ये मिश्र सांघिक अंतिम लढतीत मात्र जपान फ्रान्सकडून हरला, आणि 2024 मध्ये पॅरिसला पुन्हा हरला. जिथे दोन्ही बाजूंना जिंकण्याची खरी शक्यता असते, तिथेच खेळ जिवंत असतो. ही शक्यता ज्युदोत प्रथम निर्माण झाली, ती पॅरिसमध्ये 1961 ला आणि सिद्ध झाली टोकियोत 1964 ला.

कामिनागाचे नाव या गोष्टीत फक्त हरलेला म्हणून येते, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याने पराभवाची सबब सांगितली नाही, गेसिंकला दोष दिला नाही, आणि डोळ्याच्या दुखापतीमुळे पुढच्याच वर्षी स्पर्धात्मक ज्युदो सोडल्यावर तो शिकवण्याकडे वळला. मैजी विद्यापीठात त्याच्या हाताखाली हारुकी उएमुरा नावाचा विद्यार्थी घडला. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये उएमुराने खुल्या गटाचे सुवर्णपदक जिंकले, जपानचे त्या गटातले पहिलेच. पुढे तो कोडोकानचा अध्यक्ष झाला. 1964 मध्ये जे स्वतःला मिळाले नाही, ते कामिनागाने शिष्याच्या हातून मिळवले, तसेच जसे मिचिगामी आणि मात्सुमोतो यांनी आपले काम गेसिंकच्या हातून पूर्ण केले होते. विजेता आणि पराजित या दोघांच्या मागे गुरुपरंपरेचा एकच धागा आहे.

शिष्याकडून हरावे अशी गुरूची इच्छा असावी, असे आपल्याकडे पूर्वापार मानले जाते. मानणे सोपे असते. तसे घडले की मात्र आपणही अस्वस्थ होतो. 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कबड्डीत भारताचे पुरुष उपांत्य फेरीत आणि महिला अंतिम फेरीत इराणकडून हरले, तेव्हा आपल्याकडे शोकाचा सूर लागला. इराणच्या त्या सुवर्णविजेत्या महिला संघाला नाशिकच्या शैलजा जैन यांनी घडवले होते. ज्या राज्यात कबड्डीचे नियम बांधण्याचे आणि तिचे संघ उभारण्याचे एवढे काम झाले, तिथल्या एका शिक्षिकेने परदेशी मुलींना हातचे न राखता शिकवले, आणि त्या मुलींनी भारताला हरवले. याला कबड्डीचा पराभव म्हणायचे की विजय, हे ठरवताना गेसिंकचा इतिहास उपयोगी पडेल. आपले मल्लखांब, खो-खो, कबड्डी जगभर जावेत असे आपण म्हणतो, तेव्हा त्याची खरी किंमतही मान्य करायला हवी. जिथे आपला खेळ पोहोचेल, तिथे एक दिवस आपल्याला हरवणारा माणूसही तयार होईल. तो तयार होत नसेल, तर आपण तिथे फक्त प्रात्यक्षिके दाखवून आलो, शिकवले काहीच नाही, असे समजावे. अँटोन गेसिंक 27 ऑगस्ट 2010 रोजी युट्रेख्टमध्ये निवर्तला. जपानची विद्या जगाची झाली, हे सिद्ध करण्याचा मान त्याचा, आणि त्याला तिथवर नेण्याचा मान त्याच्या जपानी गुरूंचा.